लेकरांची संध्याकाळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते. २९ वर्षं अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं घेतली, उंची मोजली, घरोघरी जाऊन मायांना सांगितलं की बाळाला असं भरवा, असं निजवा. हे पत्र माझ्या स्वतःच्या घरातल्या लेकराबद्दल आहे. लिहू की नको करता करता चार महिने गेले.

जुलै महिन्यात नातवाच्या शाळेतून बोलावणं आलं. नातू चार वर्षांचा आहे. मुलगा मिहान या उद्योगांच्या वसाहतीत कामाला, सून धंतोलीतल्या एका लॅबमध्ये. दोघांनाही सुटी मिळेना, म्हणून मी गेले. बाईंनी तक्रार अशी केली नाही. म्हणाल्या, "आजी, हा साडेदहालाच पेंगायला लागतो. गोलात बसवलं की आडवा होतो. मैदानात नेलं तर भिंतीला टेकून उभा राहतो. घरी झोप होते का त्याची?"

मी "होते" म्हणून टाकलं. परतताना ऑटोत बसल्यावर मनात आलं, तो रात्री किती वाजता झोपतो हे मला नेमकं सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पहिला प्रश्न मी हाच विचारायची.

आमच्या कामात रजिस्टरावाचून पान हलत नसे. नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप मोबाईलवर आलं ते २०२१ मध्ये, त्याआधी माझी बहुतेक वर्षं कागदावरच गेली. त्या सवयीनं मी एक जुनी वही काढली, रकाने आखले: झोप, मोबाईल-टीव्ही, खेळ, जेवण. घरात कोणाला न सांगता सात दिवस लिहीत गेले. रात्री झोपायची वेळ अकराच्या पुढेच, एक दिवस पावणेबारा. सकाळी साडेसातला उठवायचं, तेही हलवून हलवून. दुपारची झोप सातपैकी दोनच दिवस. मोबाईल आणि टीव्ही मिळून रोज पावणेतीन ते साडेतीन तास, रविवारी पाच. अंगाला घाम येईल असा खेळ रोज जेमतेम वीस मिनिटं, आणि दोन दिवस तेवढाही नाही, कारण पाऊस होता.

वही घेऊन मी आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मला हिशेब समजावला. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या पूर्ण २४ तासांचा आराखडा दिला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं धाप लागेल अशी. बसून मोबाईल-टीव्हीचा पडदा पाहणं एका तासाच्या आत, आणि त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं. झोप १० ते १३ तास, दुपारची धरून. आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनंही २०२१ मध्ये हेच सांगितलं: दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना.

म्हणजे दुपारी न झोपलेल्या दिवशी माझं लेकरू झोपेला किमान दीड तास उपाशी राहत होतं. मी उपाशी हा शब्द मुद्दाम वापरते. वजन भरलं नाही तर आम्ही लगेच तक्त्यावर खूण करायचो, आईला बोलवायचो. झोप भरली नाही तर खूण करायला तक्ताच नव्हता.

इथवर माझा राग मोबाईलवर होता. वहीनं तो राग टिकू दिला नाही. चौथ्या दिवशी मी एक रकाना वाढवला होता, "कोणी दिला". चार दिवसांत ३१ वेळा मोबाईल त्याच्या हातात गेला. सात वेळा आजोबांनी दिला, सहा वेळा सुनेनं, चार वेळा मुलानं. उरलेल्या १४ वेळा मी दिला होता. कुकर लावताना, केस विंचरताना, कोणी भेटायला आलं तेव्हा, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, आणि प्रत्येक जेवणाला. यातल्या निम्म्या वेळा तर त्यानं मागितलाही नव्हता. तो काही बोलायच्या आधीच मी पुढे केला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या बायांना मी "लेकराच्या हातात मोबाईल देऊ नका वं" म्हणून सांगत फिरले, त्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येत राहिले.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते. बाळ सहा-सात महिन्यांचं होतं, वरचं अन्न सुरू होतं, ते तोंड फिरवतं. आई घाबरते, सासू म्हणते, "जेवून नाही राहिलं पोट्टं, लाव काही तरी." गाणं लागतं, बाळाचं तोंड उघडं राहतं, आपण घास सारतो. वाटी रिकामी झाली की सगळ्यांना समाधान. पण त्या लेकरानं काय खाल्लं, पोट भरलं की नाही, हे त्याला कळलेलंच नसतं. भूक लागणं आणि पोट भरणं ही दोन्ही ओळखायची शिकवण त्या वयात होते, ती होत नाही. आमचा नातू चार वर्षांचा होऊन स्वतःच्या हातानं भात कालवत नव्हता. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत मी शेकडो लेकरांना भरवलं असेल. त्यात वेळ जायचा, पण लेकरू माझ्या तोंडाकडे पाहायचं, भात सांडायचं, मधेच उठून पळायचं, परत यायचं. त्या पळण्यालाच आता आपण "जेवताना त्रास देतो" म्हणतो.

आणखी एक गोष्ट मला वहीमुळे नाही, बागेत बसून कळली. आपण शांत बसणाऱ्या लेकराचं फार कौतुक करतो. "किती गुणी आहे, एका जागी तासभर बसतो!" आणि धावणाऱ्याला आवरतो. एका संध्याकाळी माझ्या बाजूच्या बाकावर एक आई होती, मुलगी तीनेक वर्षांची. पाव तासात तिनं मुलीला १४ वेळा "नको" म्हटलं. पळू नको, पडशील. मातीत बसू नको, फ्रॉक खराब होईल. तिकडे जाऊ नको, कुत्रा आहे. बाई वाईट नव्हती, जीव लावणारी होती. पंधराव्या वेळी मुलगी तिच्या मांडीवर येऊन बसली आणि तिनं पर्समधून मोबाईल काढून दिला. दोघींनाही सुटल्यासारखं झालं असावं. मी ते पाहत होते आणि मला माझीच १४ वेळा आठवत होती.

नोकरीच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत मला अंगणवाडीतच फरक दिसायला लागला होता. चार वर्षांचं झालेलं लेकरू एका पायावर दोन-चार उड्या मारतं, ही आमची साधी खूण. लंगडी घातली की कोण कुठवर आलं ते कळायचं. आधी वर्गात एखादंच लेकरू दुसरा पाय टेकायचं. नंतर नंतर लंगडीचा डाव सुरूच होईना, कारण निम्म्यांना तोल सांभाळता येत नव्हता. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव निघाल्याशिवाय दिवस जात नसे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, अशी ती कल्पना. आता आमच्या ले-आऊटात अंगण म्हणजे टाइल्स लावलेलं पार्किंग. पुढचा रस्ता सिमेंटचा झाला, घरांच्या ओट्याहून उंच झाला आणि गाड्या सुसाट जायला लागल्या. मुलांना बाहेर सोडत नाहीत म्हणून आईबापांना बोल लावणं सोपं आहे. मी स्वतः तीन वर्षांचं लेकरू त्या रस्त्यावर सोडणार नाही.

मग बदललं कसं, ते सांगते. वाट दाखवली ती तान्ह्या पोळ्यानं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून काढतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे मुलाच्या लहानपणचा नंदी आहे, चाकांचा, चांगला जड. दर वर्षी नातवाला स्कूटरवर पुढे उभा करून, नंदी पायाशी ठेवून दोन घरं आणि एक फोटो, एवढाच आमचा तान्हा पोळा. या वर्षी स्कूटर पंक्चर होती. म्हणून मी आणि तो पायी निघालो. त्यानं नंदीची दोरी धरली ती सोडली नाही. १९ घरं फिरला. कुठे चढाव लागला की दोरी खांद्यावरून घेऊन ओढायचा. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे खाऊचे पैसे, मिळाला की खिसा चाचपायचा आणि पुढच्या घराकडे पळत सुटायचा. साडेचार ते सात, अडीच तास. घरी आला, ओट्यावर बसून दोन पुरणपोळ्या स्वतःच्या हातानं खाल्ल्या आणि साडेआठला झोपला. कोणी थोपटलं नाही, कोणी मोबाईल लपवला नाही. सकाळी सहाला आपणहून उठून माझ्या उशाशी येऊन बसला.

तेव्हा मला उमगलं की मी उलट्या टोकापासून ओढत होते. त्याआधी महिनाभर मी मोबाईल हिसकावून पाहिला होता. तो रडायचा, डोकं आपटायचा, घरात सगळ्यांची भांडणं व्हायची आणि साडेनवाला कोणी तरी मोबाईल परत द्यायचं. लेकराकडून काही काढून घ्यायचं तर त्या जागी काही ठेवावं लागतं. मी काही ठेवलंच नव्हतं. जो दिवसभर हललाच नाही तो रात्री दमणार कसा? जो अकरापर्यंत जागा राहणार त्याला गुंतवायला पडदा लागणार. आणि अर्धवट झोपेतून उठलेला दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून उभा राहणार. ही तीन वेगळी दुखणी नाहीत.

आम्ही संध्याकाळ धरली. साडेपाच ते सात घराबाहेर, काहीही झालं तरी. मी किंवा आजोबा सोबत. साडेसातला जेवण, घरी असू तेवढ्या सगळ्यांनी एकत्र, आणि ते होईपर्यंत घरातले मोबाईल एका स्टीलच्या डब्यात फ्रीजवर. सव्वाआठला कोमट पाण्यानं अंग पुसून घ्यायचं, मोठे दिवे बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू, एक गोष्ट. झोपायची वेळ एकदम मागे नाही आणली, तीन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे घेत गेलो.

दिव्यांचं सुनेनं वाचून सांगितलं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. झोपायच्या आधी तासभर लख्ख उजेडात ठेवल्यावर झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाण सुमारे ८८ टक्के खाली गेलं, आणि उजेड काढून ५० मिनिटं झाली तरी बहुतेक मुलांत ते वर आलं नव्हतं. तो प्रयोग मोबाईलचा नव्हता, तेज दिव्याच्या उजेडाचा होता, हे सांगितलं पाहिजे. पण लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यातलं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यात उजेड जास्त शिरतो, हे कळल्यावर आम्ही हॉलमधली ट्यूबलाइट आठनंतर लावणं सोडलं.

सगळ्यात अवघड गेलं ते आम्हा मोठ्यांना. सात ते नऊ आजोबांच्या बातम्या आणि माझी मालिका असं चालायचं. आम्ही पाहत होतो, तो नुसता खोलीत होता, असं आम्ही समजायचो. वहीत त्याचं पाहणं त्या वेळात सव्वा तास भरलं. मी मालिका सोडली. आजोबांना राग आला, दोन दिवस बोलले नाहीत, मग सकाळचं वर्तमानपत्र पुरेल म्हणाले.

मुलाचं तसं नव्हतं. तो नऊ-सव्वानऊला घरी येतो. आल्या आल्या लेकराला उचलायचं, गादीवर कुस्ती खेळायची, मोबाईलवर गाड्या दाखवायच्या, हा त्याचा दिवसातला एकुलता एक तास. साडेआठला झोपवायचं म्हटल्यावर तो मला म्हणाला, "आई, मग मी त्याला पाहू केव्हा?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ही गोष्ट कुठल्याच आराखड्यात लिहिलेली नाही, आणि नागपुरात मिहान, बुटीबोरी, हिंगण्याला जाणाऱ्या किती तरी बापांची हीच गोष्ट असेल. पंधरा दिवस तो उदास होता. मग लेकरू सहाला उठायला लागलं आणि त्यानंच मार्ग काढला. आता सव्वासहाला दोघं बाहेर पडतात, कोपऱ्यावरच्या मैदानाला चकरा मारतात, चेंडू खेळतात, दूध घेऊन परत येतात. रात्रीचा तास सकाळी गेला. मुलगा स्वतःही साडेदहाला झोपतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप होत नाही म्हणून शाळेच्या वेळा बदलाव्यात असं सुचवलं होतं. निर्णय चांगला होता. पण माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत त्या वाढीव तासाचं काय झालं, तर रात्र तासभर लांबली. आमच्याही घरात तेच झालं होतं.

मला माहीत आहे की आमच्या घरात दोन म्हातारी माणसं रिकामी आहेत, म्हणून हे जमलं. मी ज्या वस्तीत अंगणवाडी चालवली तिथे छत्तीसगडहून बांधकामावर आलेली कुटुंबं असायची. एका बाईच्या घरी मी दुपारी गेले होते, ती सकाळपासून बांधकामावर, पाच वर्षांची मोठी बहीण आणि अडीच वर्षांचा भाऊ आत, दाराला कडी, हातात तडा गेलेला मोबाईल. बाईला मी बोलले तेव्हा ती म्हणाली, रस्त्यावर गाडीखाली आला तर? त्या माउलीला मोबाईलचे तोटे सांगून काय उपयोग? तिला दिवसभर लेकरू ठेवता येईल अशी जागा हवी होती. आमची अंगणवाडी काही तासांचीच, तीही एका भाड्याच्या खोलीत, समोर पळायला चार हात जागा नाही.

म्हणून बागांबद्दल दोन शब्द. आमच्या भागातल्या उद्यानात व्यायामाची यंत्रं आली, चालायला ट्रॅक आला, ते छान झालं. पण लहानग्यांच्या दोन झोपाळ्यांपैकी एक वर्षभरापासून एकाच साखळीवर लटकतो आहे आणि घसरगुंडीचा पत्रा फाटलेला आहे. फलकावर चेंडू खेळू नये असं लिहिलं आहे. तीन-चार वर्षांच्या लेकरांना फार काही लागत नाही: वाळूचा एक चौकोन, चढायला बुटकं काही, पळायला गवत, आणि मोठ्यांचे चेंडू येणार नाहीत असा आडोसा. आणि उन्हाळ्यात फाटक पहाटे साडेपाचला उघडावं, रात्री साडेआठपर्यंत उघडं राहावं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना मधल्या वेळात कोण लेकरू बाहेर काढेल?

उन्हाळ्याचा प्रश्न मला खरंच सतावतो, कारण नागपूरचे ते अडीच महिने सगळी सवय मोडून टाकतात. मी बेत केला आहे. सकाळी आठच्या आत गच्चीवर सांडगे-कुरडया घालायला तो माझ्या हाताखाली. दुपारी जाड पडदे, झोप. उठल्यावर गाद्यांचा डोंगर करून चढउतार. आणि कूलर भरायचं काम त्याचं, छोट्या मगानं, बादलीपासून कूलरपर्यंत. गेल्या मे महिन्यात सहज एकदा करू दिलं होतं, तर चाळीसेक खेपा केल्या होत्या त्यानं, अर्धं पाणी फरशीवर. मात्र कूलर बंद करून, प्लग काढून, मी बाजूला उभी राहूनच. कूलरच्या शॉकनं आपल्या शहरात दर उन्हाळ्यात घरं दुःखात बुडतात, ते विसरून चालणार नाही.

आता वहीचं सांगते. या महिन्यातल्या शेवटच्या आठवड्यात रात्रीची झोप पावणेदहा तासांच्या आसपास आहे, दुपारची पाऊण तास. पडदा अर्धा-पाऊण तास, रविवारी मामा आला तेव्हा दोन तास झाला, तोही लिहून ठेवला. खेळ रोज दोन तास तरी भरतो, १८० मिनिटं सगळे दिवस भरत नाहीत. भात स्वतः कालवतो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका रात्री चाळीस मिनिटं मोबाईलसाठी रडला होता, मी नुसती जवळ बसून राहिले होते. "काऊन रडून राहिलास रे बाळा" एवढंच म्हणत होते, कारण दुसरं काही बोलले असते तर डबा उघडला असता.

आमच्या गल्लीत साडेपाचला आता पाच लेकरं जमतात. एका बाजूला दोन स्कूटर आडव्या लावतो, म्हणजे गाड्या हळू जातात. शेजारचा एक मुलगा दोन दिवस नुसता फाटकातून पाहत होता, तिसऱ्या दिवशी आला. परवा त्यांनी लंगडी घातली. माझा नातू सहा उड्यांनंतर टेकला.

पुढच्या महिन्यात सुनेची कामाची वेळ बदलते आहे, ती दुपारी जाऊन रात्री साडेनवाला येणार. आता तिची वेळ कुठे बसवायची, ते अजून आम्हाला सुचलेलं नाही. कोणा वाचकाच्या घरी असं असेल आणि त्यांनी काही केलं असेल, तर त्यांनी आपल्या वर्तमानपत्रातून जरूर लिहावं. मी वही उघडी ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
मानेवाडा, नागपूर